आईच्या रिपोर्टातलं ‘पी५३ निगेटिव्ह’

पत्र: माझी आई ५८ वर्षांची आहे. पोट फुगतंय, दोन घास खाल्ले की भरल्यासारखं वाटतं म्हणून सोनोग्राफी केली, तर दोन्ही अंडाशयांत गाठी आणि पोटात पाणी निघालं. सीए-१२५ ही रक्ततपासणी हजाराच्या वर. सुईने बायोप्सी घेतली. रिपोर्टवर ‘हाय ग्रेड सिरस कार्सिनोमा’ लिहिलंय आणि खाली पाच ओळी: पी५३ निगेटिव्ह, पी१६ ब्लॉक पॉझिटिव्ह, डब्ल्यूटी१ पॉझिटिव्ह, पॅक्स८ पॉझिटिव्ह, केआय-६७ ७० टक्के. पी५३ बिघडलं की कॅन्सर होतो असं वाचलं. आईचं निगेटिव्ह आहे, म्हणजे बरं ना? पी१६ पॉझिटिव्ह म्हणजे एचपीव्ही, असंही वाचलं. मग आईला तो कुठून आला, हे तिला कसं विचारू? ७० टक्के म्हणजे एवढा पसरलाय का? माझ्या मावशीला स्तनाच्या कॅन्सरसाठी पाल्बोसिक्लिब चालू आहे, पेशीचक्र थांबवणारी गोळी. ती आईला का देत नाहीत? केमो पुढच्या आठवड्यात सुरू होणार आहे. मी ३१ वर्षांची आहे. मलाही होईल का? — एक वाचक, सांगली

उत्तर: आईला काहीही विचारू नका. पी१६वरून एचपीव्ही या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या विषाणूचा अंदाज बांधतात तो गर्भाशयमुखाच्या आणि घशाच्या कॅन्सरमध्ये. अंडाशयाच्या हाय ग्रेड सिरस कॅन्सरमध्ये पी१६ गडद येतं ते वेगळ्या कारणाने, आणि बहुतेक रुग्णांमध्ये येतंच. त्यात विषाणू नाही, कुणाच्या वागण्याचा संबंध नाही. ही शंका घरात कुणी काढलीच, तर तिथल्या तिथे थांबवा. आजारपणात असा एक प्रश्न बाईला फार लागतो.

आता ते कारण. एका पेशीच्या दोन होण्याआधी चार टप्पे जातात: जी१मध्ये तयारी, एसमध्ये डीएनएची नक्कल, जी२मध्ये तपासणी आणि एममध्ये प्रत्यक्ष विभाजन. जी१मधून एसमध्ये जाण्याच्या दारावर आरबी नावाचं प्रथिन कुलपासारखं बसलेलं असतं. ते उघडायची किल्ली म्हणजे सायक्लिन डी आणि सीडीके४/६ ही जोडी. पी१६ ही किल्ली धरून ठेवतं, म्हणजे ते ब्रेकचं काम करतं. पण आरबीचं कुलूपच मोडलं, तर किल्ली धरून काय उपयोग? पेशी पी१६ बनवत राहते, ते साठत जातं आणि स्लाइडवर (जिथे तपासायचं प्रथिन असतं तिथे तपकिरी रंग चढतो, नसतं तिथे निळं राहतं) सगळ्या पेशी सलग तपकिरी दिसतात. यालाच ‘ब्लॉक पॉझिटिव्ह’ म्हणतात. गर्भाशयमुखात हे कुलूप एचपीव्ही मोडतो. अंडाशयाच्या या गाठीत ते पेशीच्या स्वतःच्या जनुकांतल्या बिघाडाने मोडतं. ही ओळ जपून ठेवा, मावशीच्या गोळीच्या प्रश्नाला तीच कामी येणार आहे.

पी५३ कडे मात्र जरा थांबून बघायला हवं, कारण ‘निगेटिव्ह’ हा शब्द इथे भलतीकडे नेतो.

पी५३चं काम पहारेकऱ्याचं. डीएनएला इजा झाली की ते पी२१ नावाच्या प्रथिनाकरवी पेशीचक्र थांबवतं, दुरुस्तीला वेळ देतं आणि दुरुस्ती होत नसेल तर पेशीला मरायला लावतं. निरोगी पेशीत ते फार थोडं असतं, कारण तयार झालेलं पी५३ एमडीएम२ नावाचं प्रथिन काही मिनिटांतच मोडीत काढतं. त्यामुळे निरोगी पी५३ असलेल्या गाठीची स्लाइड बघितली तर चित्र सरमिसळ असतं: काही केंद्रकं गडद तपकिरी, काही फिकट, काही नुसती निळी. याला ‘वाइल्ड टाइप’ म्हणतात, आणि पी५३ शाबूत असल्याची खूण तीच.

जनुक बिघडलं की चित्र दोनपैकी एका टोकाला जातं. बहुतेक वेळा बिघडलेलं प्रथिन मोडलंच जात नाही आणि ८० टक्क्यांहून जास्त केंद्रकं एकसारखी गडद होतात. पण साधारण पाव गाठींमध्ये जनुक असं तुटतं की प्रथिन तयारच होत नाही. मग गाठीच्या पेशी एकजात निळ्या राहतात, तपकिरी रंगाचा ठिपकाही नाही. याला ‘नल पॅटर्न’ म्हणतात. हाही बिघाडच, आणि पहिल्याइतकाच पक्का. प्रथिन केंद्रकाबाहेर पसरलेलं असणं हा तिसरा प्रकार, तो क्वचित दिसतो.

म्हणजे आईचं निगेटिव्ह बहुधा ‘नल’ आहे. ते धक्कादायक नाही. हाय ग्रेड सिरस कॅन्सरच्या ३१६ गाठींची जनुकं अमेरिकेच्या कॅन्सर जीनोम अ‍ॅटलास प्रकल्पात वाचली गेली. ते निष्कर्ष २०११ मध्ये आले, आणि ९६ टक्के गाठींत पी५३चं जनुक बिघडलेलं होतं. या आजारात पी५३ बिघडलेलं असणं ही आजाराची ओळखच आहे. त्यावरून आईचा आजार इतरांपेक्षा जास्त वाईट किंवा कमी वाईट ठरत नाही.

मग ‘बहुधा’ का म्हटलं? कारण नुसतं ‘निगेटिव्ह’ लिहिण्यामागे तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक, खरोखर नल. दोन, जुनी सवय: १० टक्क्यांपेक्षा कमी पेशी रंगल्या की ‘निगेटिव्ह’ लिहायचं. तसं असेल तर ते प्रत्यक्षात वाइल्ड टाइप असू शकतं, आणि मग निदानाचीच फेरतपासणी हवी. तीन, रंगच नीट चढलेला नाही. बायोप्सीचा तुकडा उशिरा फॉर्मलिनमध्ये (ऊतक टिकवणाऱ्या द्रावणात) पडला, किंवा ठरलेल्या ६ ते ७२ तासांपेक्षा फार कमी वा फार जास्त राहिला, तर प्रथिनं नीट टिकत नाहीत आणि स्लाइड निळीच राहते.

हे ओळखायची सोय त्याच स्लाइडवर असते. गाठीच्या भोवती आईच्या निरोगी पेशीही असतात: रक्तवाहिन्यांचं अस्तर, लिम्फोसाइट, मधला आधाराचा ऊतक. त्यांच्यातल्या काही केंद्रकांत फिकट तपकिरी रंग दिसायलाच हवा. याला ‘इंटर्नल कंट्रोल’ म्हणतात. तो रंगला आणि गाठ निळीच राहिली, तर तो खरा नल. दोन्ही निळं असेल तर ती स्लाइड वाचण्याजोगीच नाही, दुसरा छेद घेऊन चाचणी पुन्हा करावी लागते.

म्हणून केमोच्या आधी एक फोन करा. बायोप्सीचा नंबर हाताशी ठेवून लॅबमधल्या पॅथॉलॉजिस्टना विचारा: “पी५३ निगेटिव्ह म्हणजे नल पॅटर्न का? इंटर्नल कंट्रोल रंगलाय का?” उत्तर ‘हो’ आलं तर ते रिपोर्टवर ‘म्युटंट, नल पॅटर्न’ असं लिहून द्यायची विनंती करा. पुढे दुसरीकडे दाखवायला गेलात तर हाच गोंधळ पुन्हा होणार नाही. यात लॅबवर अविश्वास दाखवल्यासारखं काही नाही. आम्ही स्वतः कुणाच्याही रिपोर्टवर हा शब्द एकटा दिसला तर हेच विचारतो.

हा फोन महत्त्वाचा आहे, कारण अंडाशयाचा कॅन्सर हा एक आजार नाही. लो ग्रेड सिरस नावाचा त्याचा भाऊबंद सूक्ष्मदर्शकाखाली कधीकधी जवळचा दिसतो. पण त्यात पी५३ शाबूत असतं आणि बिघाड केआरएएस, बीआरएएफसारख्या जनुकांत सापडतो. तो सावकाश वाढतो, केमोला फारशी दाद देत नाही, आणि लेट्रोझोलसारख्या हार्मोन-विरोधी गोळ्यांना त्यात मोठी जागा आहे. आईचं पी१६ ब्लॉक आणि केआय-६७ ७० टक्के बघता लो ग्रेडची शक्यता कमी वाटते. तरी एका फोनने जे पक्कं होतं ते अंदाजावर का सोडायचं? डब्ल्यूटी१ आणि पॅक्स८ या दोन ओळी गाठीचं मूळ अंडाशय-बीजवाहिनीच्या बाजूला आहे, आतड्याकडून आलेलं नाही, एवढं सांगतात.

केआय-६७ बद्दल थोडक्यात. हे प्रथिन पेशीचक्रात उतरलेल्या प्रत्येक पेशीत असतं आणि विश्रांतीत असलेल्या पेशीत नसतं. ७० टक्के म्हणजे मोजलेल्या दर १०० गाठपेशींपैकी ७० जणी त्या क्षणी चक्रात होत्या. आजार किती पसरलाय, याचं ते माप नाही. पसरण्याचं माप सीटी स्कॅन आणि शस्त्रक्रियेतल्या पाहणीवरून ठरणारी स्टेज सांगते. या प्रकारात निम्म्याहून जास्त केआय-६७ बऱ्याचदा दिसतं, आणि उपचार त्यावरून ठरत नाहीत. हा आकडा आईला सांगायची गरज नाही. एक गोष्ट मात्र तिला सांगता येईल: भराभर विभागणाऱ्या पेशी केमोच्या तावडीत जास्त सापडतात, आणि हाय ग्रेड सिरस पहिल्या केमोला बहुतेक वेळा चांगला प्रतिसाद देतो.

आता मावशीची गोळी. पाल्बोसिक्लिब सीडीके४/६ ला रोखतं, म्हणजे पी१६चंच काम बाहेरून करतं. हार्मोनवर वाढणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये आरबीचं कुलूप बहुधा शाबूत असतं, म्हणून किल्ली काढून घेतली की दार बंद राहतं. आईच्या गाठीत पी१६ एवढं साठलंय याचा अर्थ कुलूप मोडलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. शिवाय या प्रकारच्या साधारण २० टक्के गाठींमध्ये सायक्लिन ई१ या जनुकाच्या जादा प्रती असतात. सायक्लिन ई ही सीडीके२ बरोबर चालणारी वेगळी किल्ली आहे, तिला पाल्बोसिक्लिब हातही लावत नाही. तेव्हा डॉक्टर ही गोळी देत नाहीत ती कंजुषीने किंवा अज्ञानाने नाही.

आणि कळकळीने सांगतो, मावशीच्या पट्टीतली एकही गोळी ‘असू दे, काय बिघडतंय’ म्हणून आईला देऊ नका. पाल्बोसिक्लिबचा मुख्य दुष्परिणाम म्हणजे पांढऱ्या पेशी उतरणं, आणि केमोनेही त्याच उतरतात. शिवाय ही गोळी जिथे लागू पडते तिथे पेशींना जी१मध्ये अडकवते, आणि आईच्या केमोतलं पॅक्लिटॅक्सेल पेशीला पकडतं ते एम टप्प्यात. दोन औषधं एकमेकांच्या आड येणं परवडणार नाही.

सायक्लिन ई, सीडीके२, वी१ अशा प्रथिनांवरच्या औषधांच्या चाचण्या चालू आहेत. वी१चं तर्कशास्त्र सुंदर आहे: पी५३ गेलेल्या पेशीला डीएनए दुरुस्त करायला जी२ मधलं एकच नाकं उरतं, तेही काढून घ्या म्हणजे ती मोडक्या डीएनएसकट विभाजनात ढकलली जाऊन मरते. पण आज आईच्या पहिल्या उपचारात त्यांना जागा नाही. एखाद्या मोठ्या केंद्रात चाचणीबद्दल कुणी विचारलं तर ऐकून जरूर घ्या, मात्र त्यासाठी ठरलेला उपचार लांबवू नका.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही गोळीच्या ओघात लिहून गेलात: मावशीला स्तनाचा कॅन्सर आहे. दोन सख्ख्या बहिणी, एकीला स्तनाचा आणि दुसरीला अंडाशयाचा. ही जोडी दिसली की बीआरसीए१ आणि बीआरसीए२ या जनुकांची चाचणी व्हायलाच हवी. खरं तर हाय ग्रेड सिरस कॅन्सर असलेल्या प्रत्येक बाईची व्हायला हवी, घराण्यात कुणाला असो वा नसो. तुमच्या रिपोर्टात ती नाही, कारण ती पॅथॉलॉजीच्या रंगांतून कळत नाही. त्यासाठी रक्त द्यावं लागतं.

क्रम चुकवू नका. पहिली चाचणी आईची. पुष्कळ घरांत घाबरलेली मुलगी आधी स्वतःचं रक्त देते, रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि सगळे निश्चिंत होतात. पण घराण्यात नेमका कोणता बदल आहे हे माहीत नसताना आलेला निगेटिव्ह अर्धवट असतो. आईमध्ये बदल सापडला, तर नेमका तोच बदल तुमच्यात आहे का एवढं तपासलं की उत्तर स्वच्छ मिळतं. तो तुमच्याकडे आलेला असण्याची शक्यता निम्मी. भाऊ असेल तर त्याचीही तेवढीच, आणि पुरुषांना, विशेषतः बीआरसीए२ मध्ये, प्रोस्टेटचा आणि क्वचित स्तनाचा धोका असतो. ‘मुलग्याला कशाला’ म्हणून त्याला वगळू नका. मावशीलाही तिच्या डॉक्टरांकडे हा विषय काढायला सांगा.

चाचणी देताना दोन गोष्टी विचारून घ्या. जनुकातले मोठे तुकडे गळालेले किंवा दुप्पट झालेले असतील तर तेही या चाचणीत कळतं का? आणि आधी व नंतर जेनेटिक कौन्सेलरशी बोलणं होणार आहे का? कधीकधी रिपोर्टवर ‘व्हीयूएस’ येतं, म्हणजे ज्याचा अर्थ अजून लागलेला नाही असा बदल. त्यावरून कुणाचे अंडाशय काढायचे नसतात.

‘मलाही होईल का?’ याचं उत्तर त्या चाचणीनंतर खूप स्पष्ट होईल. बीआरसीए१ मध्ये दोष असेल तर ८० वर्षांच्या वयापर्यंत अंडाशयाचा कॅन्सर होण्याचा धोका साधारण ४४ टक्के, बीआरसीए२ मध्ये १७ टक्के. दोष असलेल्या बायकांना मुलंबाळं झाल्यावर, बीआरसीए१ असेल तर ३५ ते ४० च्या दरम्यान आणि बीआरसीए२ असेल तर ४० ते ४५ च्या दरम्यान, बीजवाहिन्या आणि अंडाशय काढण्याचा सल्ला देतात. तुमच्या हातात विचार करायला वेळ आहे. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि सीए-१२५ करत राहण्याने मात्र जीव वाचतात असं दिसलेलं नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक बायकांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात, २०२१ च्या निकालांनुसार, अशा तपासण्यांनी मृत्यू कमी झाले नाहीत. त्या बायका सर्वसाधारण धोक्याच्या होत्या हे खरं, पण खबरदारी म्हणून नुसत्या सोनोग्राफीवर विसंबू नये एवढं त्यातून नक्की कळतं.

आणि पी५३? आईच्या गाठीत तो बिघडलेला आहे म्हणून तो तुमच्याकडे येत नाही. तो बिघाड फक्त गाठीच्या पेशींत घडलेला असतो. जन्मजात पी५३ दोष हा वेगळा आणि दुर्मीळ आजार आहे.

बीआरसीएचा उपयोग आईलाही आहे. हा दोष असलेल्या गाठीला डीएनएचे दोन्ही धागे तुटले की नीट जोडता येत नाहीत, आणि ओलापॅरिबसारखी पीएआरपी-रोधक गोळी तिचा उरलासुरला मार्गही बंद करते. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या सोलो-१ अभ्यासात, बीआरसीए दोष असलेल्या आणि केमोने आजार आटोक्यात आलेल्या बायकांमध्ये, तीन वर्षांनंतर आजार न वाढता राहिलेल्या ६० टक्के होत्या. गोळी न घेतलेल्यांत २७ टक्के. ही गोळी केमो संपल्यावर सुरू होते, त्यामुळे बीआरसीएच्या रिपोर्टसाठी केमो थांबवायची नाही. पहिल्या केमोच्या रक्तासोबतच त्यासाठीचं रक्त द्या.

बीआरसीए निगेटिव्ह आलं तरी गाठीवर एचआरडी नावाची (गाठीची डीएनए-दुरुस्ती बिघडलेली आहे का ते सांगणारी) चाचणी करता येते, आणि तिला गाठीचा तुकडाच लागतो. इथे एक चूक वारंवार होते. सुईच्या बायोप्सीत सामग्री जेमतेम असते. तीवर एकेक जादा रंग करत गेलं की तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक संपतो. पुढे तीन केमोनंतर शस्त्रक्रिया झाली, तर तोवर गाठीत जिवंत पेशी इतक्या थोड्या उरलेल्या असू शकतात की चाचणीच होत नाही. म्हणून त्याच फोनवर लॅबला सांगा: एचआरडीसाठी सामग्री राखून ठेवा.

दुसरं मत घ्यायचं झालं, मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलमध्ये किंवा आणखी कुठे, तर नुसता रिपोर्ट नेऊन भागत नाही. स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक दोन्ही लेखी अर्ज देऊन, पोच घेऊन मागून घ्या. ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टच्या नंबराशी ताडून बघा. ब्लॉक कापसात गुंडाळून डबीत ठेवा, आणि उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण मऊ पडतं. आधीच कापून ठेवलेल्या कोऱ्या स्लाइडवर बरेच दिवस गेले की काही प्रथिनांचा रंग फिका येतो, तेव्हा ब्लॉक नेणंच बरं.

केमो बहुधा कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल असेल, दर २१ दिवसांनी. पॅक्लिटॅक्सेलचा डोस उंची-वजनावरून ठरतो, सहसा १७५ मिलिग्रॅम दर चौरस मीटरला. कार्बोप्लॅटिनचा मूत्रपिंडावरून ठरतो: मूत्रपिंडाची गाळणक्षमता ७५ आणि रक्तातल्या औषधाचं लक्ष्य ५ असेल, तर ७५ मध्ये २५ मिळवून ५ ने गुणायचं, म्हणजे ५०० मिलिग्रॅम. म्हणून प्रत्येक खेपेला क्रिएटिनिन लागतं, आणि आईच्या दोन केमोंतला डोस थोडा वेगळा दिसला तर घाबरू नका. केस जातील, कारण केसांच्या मुळाशी असलेल्या पेशीही सतत चक्रात असतात. रक्तपेशींचंही तेच. घरात थर्मामीटर आणून ठेवा. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका, रात्र असली तरी दवाखान्यात न्या आणि ‘केमो चालू आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगा. हातापायाला मुंग्या येत असतील, चपला पायातून निसटत असतील, तर पुढच्या केमोच्या आधी डॉक्टरांना सांगा. बायका हे अंगावर काढतात.

खर्चासाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल पहिल्याच दिवशी विचारा. केमो आणि शस्त्रक्रियेसोबत जनुकीय चाचणीचा खर्च कुठे बसतो, तेही तेव्हाच विचारून घ्या. आईचं रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा.